चर्चच्या दाराशी उखळ?

मिरजेच्या एका ताईंनी विचारलंय : गोव्यातल्या एका जुन्या चर्चमध्ये शिरताना दाराशीच भिंतीत बसवलेलं कोरीव दगडी पात्र दिसलं, आत थोडं पाणी. सासूबाई म्हणाल्या, 'अगंबाई, इथं उखळ कशाला?' सगळे हसले. आता प्रवासवर्णन लिहायचंय, तर त्याला मराठीत काय म्हणू? 'तीर्थपात्र' चालेल?

आधी सासूबाईंची बाजू घेतो. या पात्राला पोर्तुगीजमध्ये 'पिया' म्हणतात. तो शब्द आला लॅटिन 'पिला'वरून, आणि पिला म्हणजे चक्क उखळ! (आपलं 'पिंप'ही पोर्तुगीजच, पण ते 'पिपा'वरून, इथे घोळ नको.) स्पॅनिशमध्ये 'पिला' तसाच राहिला, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवलेल्या नावाला तिकडे 'पिलाचं नाव' म्हणतात. फ्रेंचांची तऱ्हा उलटी. त्यांचा 'बेनितिए' म्हणजे हे पात्र, आणि त्यावरून समुद्रातला अजस्र शिंपलाही. पॅरिसच्या सँ-स्युल्पिस चर्चमध्ये खरेच असे दोन शिंपले पाण्यासाठी ठेवलेत.

तेव्हा सासूबाईंना हसू नका. तरी 'उखळ' मात्र लिहू नका, वाचक मुसळ शोधत बसेल.

'तीर्थपात्र' मला पटत नाही. तीर्थ आपण तळहातावर घेऊन पितो. इथे पाण्यात बोटं बुडवून कपाळ, छाती, खांदे अशी क्रुसाची खूण करतात, पीत कुणी नाही. 'कुंड' म्हटलं की होमकुंड, नाहीतर पायऱ्यांचं तळं. 'डोण' आपल्या सांगली-साताऱ्याकडचा कानाला गोड शब्द, पण ती लांबट, विहिरीपाशी, गुरांना पाणी पाजायची. (इंग्लंडात सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत चर्चमधली अशी कितीतरी पात्रं निघाली, आणि काहींची पुढे खरोखरच गुरांची डोण झाली.)

माझं मत 'कुंडी'. झाडाची नव्हे, जुन्या घरात लोणचं-मीठ ठेवायची ती दगडी कुंडी. आकार जुळतो, दगड जुळतो. पहिल्यांदा 'पवित्र पाण्याची दगडी कुंडी' असं पूर्ण लिहा, म्हणजे कुणाला तुळस आठवणार नाही. पुढे नुसतं 'कुंडी' पुरे.

एक मात्र तपासा. पात्र मोठं, खांबावर उभं, झाकणाचं असेल तर ते बाप्तिस्म्याचं, आणि तिथे 'कुंड' शोभतं. झाकणालाही कारण आहे : त्यातलं पाणी जादूटोण्यासाठी चोरीला जाई, म्हणून १२३६ साली कँटरबरीच्या आर्चबिशपनी ती पात्रं कुलूपबंद ठेवायला सांगितली.

चर्चला जाणाऱ्यांच्या तोंडी काय आहे हे ऐकायचं असेल, तर वसईच्या कॅथलिक मंडळींना विचारा. मिरजेच्या मिशनवाल्यांना विचारून उपयोग नाही. मिरजेत मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या वॉनलेस डॉक्टरांचं मिशन प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंटांतला एक पंथ, त्यांच्यात दाराशी पाणी ठेवायची चालच नाही!