घाटात गाडी तापते म्हणून लगेच रेडिएटर बदलू नको

बघ गा, बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ला घाटाच्या चढावर टेंपरेचरचा काटा वर गेला की आधी एसी बंद कर, गाडी बाजूला घे आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नको, आत प्रेशर असतंय, उकळतं पाणी थेट तोंडावर येतंय. पाऊण तास थांब की. मग कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, कमी झालंय का बघ, होज पाईप फुगलाय का बघ, इंजिन चालू ठेवून फॅन फिरतोय का ते पण बघ. माझ्या १५ वर्षं जुन्या गाडीत फॅनचा रिले, म्हणजे फॅनला करंट देणारा स्विचच गेलेला, धारवाड हायवेला वारा लागतोय म्हणून कळलंच नाही, घाटात कळलं! पण डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, ऑइल दुधाळ दिसलं तर ऑइलात कूलंट मिसळलेलं असू शकतंय, चालवूच नको, टो करून ने.