वाचकांचे प्रश्न : घुमट, भजन आणि मोफत प्लगइन

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की आरत्या आणि भजनं घरीच रेकॉर्ड करून यूट्यूबवर चढवणाऱ्या मंडळांची पत्रं वाढतात. यंदाची बहुतेक पत्रं मिक्सिंगबद्दल आणि त्यासाठी रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या प्लगइन या छोट्या प्रोग्रामबद्दल आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मंडळाची घुमट (कातडं मढवलेलं मडक्याचं वाद्य) आरती लॅपटॉपवर मिक्स केली. मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र होतात तिथे) एक्सायटर (वरचा आवाज उजळवणारं प्लगइन) आणि बेस वाढवणारं प्लगइन लावलं, तेव्हा हेडफोनवर आरती भरदार वाटली. गाडीत मात्र कासाळी (झांजा) कानाला टोचतात आणि घुमट नुसतं घुमतं, बोल कळत नाहीत. प्लगइन फुकटची होती म्हणून असं झालं का? – एक वाचक, सावई-वेरे

उत्तर : फुकटची असल्यामुळे नव्हे. टोकियो डॉनचं नोव्हा (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करणारा इक्वलायझर), व्हॉक्सेंगोचं स्पॅन (पट्ट्यांचा आलेख दाखवणारं) आणि लाउडमॅक्स (लिमिटर, म्हणजे शिखरं मर्यादेत ठेवणारं) ही मोफत प्लगइन नीट वापरली तर अशा कामाला पुरून उरतात. चूक झाली ती पातळी न जुळवता ऐकण्यात आणि प्लगइन मास्टरवर बसवण्यात.

एन्हान्सर जातीचं (एक्सायटरसारखं आवाज खुलवणारं) प्लगइन चालू केलं की बहुतेक वेळा पातळी एक-दोन डेसिबलने चढते. ही वाढ इतकी थोडी असते की कानाला ती मोठेपणा म्हणून जाणवत नाही, आवाज सुधारला असंच वाटतं. त्यात हळू आवाजात कानाला खर्ज आणि तार दोन्ही कमी ऐकू येतात. पातळी चढली की ते आपोआप भरून येतात. म्हणून आधी पातळी जुळवा. मास्टरवर सगळ्यात शेवटी युलीन लाउडनेस मीटर ठेवा. आरतीचे तेच वीस सेकंद एकदा प्लगइन बायपास (बंद) करून आणि एकदा चालू ठेवून वाजवा. दोन आकड्यांत जेवढा फरक येईल तेवढा त्या प्लगइनचा आउटपुट खाली आणा. मग डोळे मिटून चालू-बंद करत ऐका. आता जे बरं वाटत नाही ते काढून टाका. एन्हान्सर पारखायची याहून भरवशाची रीत नाही, आणि तिला पैसेही पडत नाहीत.

आता जागेबद्दल. एक्सायटर वरच्या पट्ट्यातल्या आवाजापासून नवे स्वरांश (मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर) तयार करतो. घुमट आरतीत त्या पट्ट्यात सगळ्यात जास्त जोर कासाळ्यांचा असतो. त्यामुळे मास्टरवर लावलेला एक्सायटर गायकाला थोडं देतो आणि कासाळ्यांना भरभरून देतो. तो मास्टरवरून काढा. गळा खरंच मंद वाटत असेल तर फक्त गायकाच्या ट्रॅकवर स्लेटचं फ्रेश एअर लावा; दोन्ही नॉब १० ते १५ च्या पुढे नकोत. सगळे एकत्र उभे राहून म्हणतात तेव्हा गायकाच्या माइकमध्ये कासाळी शिरतातच. तसं असेल तर तिथेही एक्सायटर लावू नका.

कासाळी आवरायला नोव्हा घ्या. सुमारे ६ किलोहर्ट्झवर एक बेल बँड (घंटेच्या आकाराचा पट्टा) ठेवा, क्यू (पट्ट्याची अरुंदता) दीडच्या आसपास. त्या बँडचा थ्रेशोल्ड (जिच्या वर कपात सुरू होते ती पातळी) चालू करून रेशो (कपातीचं प्रमाण) ३:१ करा. थ्रेशोल्ड हळूहळू खाली आणा आणि फक्त कासाळ्याच्या आघाताला ३-४ डेसिबल कपात दिसली की थांबा. अटॅक (कपात लागायचा वेळ) ५ मिलिसेकंदांच्या आत हवा, रिलीज (कपात सुटायचा वेळ) ८० ते १०० मिलिसेकंद. रिलीज याहून लांबवला तर आघातानंतर गायकाचे स, श, च हे वर्णही बोथट होतात आणि शब्द कळेनासे होतात.

घुमटात दोन आवाज असतात. एक कातड्यावरच्या बोटांचा कोरडा आघात, दुसरा मडक्यातल्या हवेचा घुमारा. दुसरा तळवा उघड्या तोंडावर ठेवून-काढून वादक हा घुमारा बदलतो. बेस एन्हान्सर फक्त घुमारा फुगवतो. गाडीची बंद केबिन खर्ज आधीच वाढवते, म्हणून तिथे बोल बुडाले. घुमटाचा ट्रॅक सोलो करून (एकटाच वाजवून) स्पॅनमध्ये सगळ्यात उंच शिखर कुठे आहे ते पाहा. प्रत्येक मडक्याचं वेगळं असतं, दुसऱ्याचा आकडा उचलू नका. तिथे नोव्हाचा बँड लावून ३ डेसिबलपर्यंत कपात करा, अटॅक २० ते ३० मिलिसेकंद. म्हणजे थापेची सुरुवात सुटून जाते आणि मागची शेपटीच दबते. त्यानंतर २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये २ डेसिबल चढवा. बोल तिथे आहेत.

मोबाइलवरही घुमट ऐकू यायला हवं असेल तर सॉफ्टट्यूबचा मोफत सॅच्युरेशन नॉब (आवाजात नवे स्वरांश मिसळणारं प्लगइन) 'कीप हाय'वर ठेवून घुमटाच्या ट्रॅकवर लावा. या सेटिंगमध्ये वरचा पट्टा स्वच्छ राहतो आणि सॅच्युरेशन खालच्या पट्ट्यात होतं. मोबाइलचा इवलासा स्पीकर खर्ज वाजवूच शकत नाही, पण त्या खर्जाचे वरचे स्वरांश ऐकू आले की कान मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. नॉब फरक जाणवेपर्यंत वाढवा आणि तिथून निम्म्यावर आणा.

पावसाळी हवेत सैल पडलेलं कातडं मात्र कुठल्याच प्लगइनने ताणलं जात नाही. रेकॉर्डिंगच्या आधी शेकून घ्या.

प्रश्न : डाउनलोड केलेली प्लगइन ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतच नाहीत. – एक वाचक, डिचोली

उत्तर : ऑडॅसिटी ३.२ किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्या. व्हीएसटी३ (प्लगइनचं एक स्वरूप) प्लगइन आणि वाजत असतानाच बदलता येणारे इफेक्ट तेव्हापासून आले. विंडोजवर व्हीएसटी३ फाइल प्रोग्राम फाइल्समधल्या कॉमन फाइल्समधल्या व्हीएसटी३ फोल्डरमध्येच असायला हवी. जुनी ३२ बिटची प्लगइन ६४ बिटच्या ऑडॅसिटीत उघडत नाहीत. तुमची अडचण बहुधा हीच असेल. आणि डाउनलोड बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरूनच करा.

प्रश्न : श्रावणात भजनं रेकॉर्ड केली. कौलांवरचा पाऊस, पंखा आणि एक बारीक घूं आवाज येतो. नॉइज रिडक्शन केल्यावर गळा पाण्याखालून आल्यासारखा झाला आणि तंबोरा जवळजवळ नाहीसा झाला. – एक वाचक, वाळपई

उत्तर : हे तीन वेगळे आवाज आहेत, त्यांना एकच औषध चालणार नाही.

पंख्याचा आवाज एकसारखा असतो, म्हणून तो निघतो. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधलं रीएफआयआर प्लगइन लावा (विंडोजवर रीप्लग्समध्ये ते स्वतंत्रही मोफत मिळतं) आणि मोड 'सबट्रॅक्ट' करा. आपोआप नॉइज प्रोफाइल बनवण्याच्या चौकटीवर खूण करा, निव्वळ पंख्याचे एक-दोन सेकंद वाजवा आणि खूण लगेच काढा. ती राहिली तर प्लगइन पुढे गळ्यालाच नॉइज समजून वजा करत राहतं. तंबोरा याच कारणाने गेला: प्रोफाइल घेताना तो वाजत होता. संगणकाच्या लेखी पंखा काय आणि तंबोरा काय, दोन्ही न थांबणारे आवाज. तीच गत हार्मोनियमच्या धरून ठेवलेल्या षड्जाची. म्हणून रेकॉर्डिंग सुरू करताना सगळ्यांना गप्प बसवून पाच सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करा. ऑडॅसिटीचं नॉइज रिडक्शन वापरत असाल तर कपात ६ ते ८ डेसिबलच ठेवा. पाण्याखालचा आवाज जास्त कपातीतून येतो.

घूं म्हणजे विजेच्या ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिच्या १००, १५०, २०० हर्ट्झच्या पटी. बहुतेक वेळा ती लॅपटॉपच्या चार्जरमधून येते; पुढच्या वेळी चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. झालेल्या रेकॉर्डिंगवर रीपरमधल्या रीइक्यू इक्वलायझरचे 'नॉच' प्रकारचे (एकाच जागी खड्डा पाडणारे) बँड लावा, रुंदी ०.०५ ऑक्टेव्ह (सप्तक). रुंदी सांभाळावी लागते, कारण काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज साधारण १३८.६ हर्ट्झवर येतो आणि शुद्ध ऋषभ १५५.६ च्या जवळ. १५० वर रुंद खड्डा पाडलात तर सा आणि रे दोन्ही पातळ होतील, आणि अख्खं भजन पोकळ वाटेल. खड्डे गळ्याच्या ट्रॅकवर पाडा. घुमट किंवा पखवाजाच्या ट्रॅकवर गुणगुण ऐकूच येत नसेल तर तिथे हात लावू नका.

पाऊस काढता येत नाही. त्याची सर क्षणाक्षणाला बदलते आणि ती सगळ्या पट्ट्यात पसरलेली असते. माइक मात्र जवळ आणता येतो. अंतर निम्मं केलं की गळा सुमारे ६ डेसिबलने वाढतो आणि पाऊस तेवढाच राहतो. दीड हातावरचा माइक वीतभर अंतरावर आणा, थोडा तिरका, म्हणजे प आणि भ चे फटके बसणार नाहीत. एवढ्यावर भागतं का ते ऐका, मगच प्लगइन उघडा.

प्रश्न : लिमिटर लावून आवाज पुरता वर नेला, तरी यूट्यूबवर इतरांची भजनं आमच्यापेक्षा मोठी आणि मोकळी वाटतात. – दोन वाचक, पेडणे आणि काणकोण

उत्तर : यूट्यूब आवाज साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) पातळीवर आणतं. त्याहून मोठा असेल तर कमी करतं, लहान असेल तर वाढवत नाही. चालू व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. तिथे ६३ टक्के आणि कंटेंट लाउडनेस ४ डेसिबल असं दिसलं, तर तुम्ही पातळीपेक्षा ४ डेसिबल वर होता आणि तेवढं कापलं गेलं. लिमिटरने चेपलेले टाळांचे आणि थापांचे आघात मात्र चेपलेलेच राहिले. इतरांची भजनं म्हणूनच मोकळी वाटतात.

भजन अखेरपर्यंत वाजवून युलीनमधला 'इंटिग्रेटेड' (संपूर्ण भजनाचा सरासरी) आकडा घ्या. एका कडव्यावर मोजू नका; संथ अभंगापासून गजरापर्यंत पातळी फार बदलते. आकडा उणे १८ आला तर लाउडमॅक्सचा आउटपुट उणे १ वर ठेवा, थ्रेशोल्ड त्याहून ४ डेसिबल खाली आणा आणि आयएसपी (नमुन्यांच्या मधली शिखरं धरणारी सोय) चालू करा. आयएसपी नसेल तर यूट्यूबने फाइल दाबताना शिखरं ठरवलेल्या मर्यादेच्या वर जाऊन फाटू शकतात. गजरात लिमिटर ३ डेसिबलहून जास्त खेचत असेल तर थ्रेशोल्ड आणखी दाबू नका. मिक्समध्ये परत जा आणि गजराच्या सुरुवातीपासून टाळांचा ट्रॅक २ डेसिबल खाली आणा. भजनाला उणे १६ देखील पुरतो. संथ सुरुवात आणि चढत जाणारी लय यांतला फरक राखणं आमच्या मते दोन डेसिबलपेक्षा मोलाचं आहे.

फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह स्वरूपात रेंडर करा. एमपीथ्री करून मग व्हिडिओत घातली तर ती दोनदा दाबली जाते आणि कासाळी-टाळांत किरकिर शिरते.

प्रश्न : एका माइकवरचं रेकॉर्डिंग स्टिरिओ वाइडनरने रुंद केलं. देवळातल्या ध्वनिक्षेपकावर गळा बारीक झाला. – एक वाचक, साखळी

उत्तर : असा ध्वनिक्षेपक बहुतेक वेळा मोनो (डावी-उजवी बाजू एकत्र करून वाजवणारा) असतो. काही वाइडनर एका बाजूला किंचित उशीर देऊन रुंदी आणतात. दोन्ही बाजू एकत्र झाल्या की गळ्याचे काही भाग एकमेकांना खोडतात. स्पॅनमधला कोरिलेशन मीटर (दोन्ही बाजू किती जुळतात ते दाखवणारा) पाहा. काटा शून्याखाली रेंगाळत असेल तर वाइडनर काढा. रुंदी हवीच असेल तर गळा मधोमध कोरडा ठेवून त्याचा एक सेंड (वेगळी वाट) ओरिलरिव्हर या रिव्हर्बला (खोलीची आस देणारं प्लगइन) द्या, डिके (आस विरायचा वेळ) दीड सेकंदाच्या आत, आणि रिव्हर्बमध्ये २०० हर्ट्झखालचा भाग कापा. मोनो करून ऐकल्यावर गळा जागचा हलता कामा नये.