मुस्लिम डॉक्टरांची मोफत आरोग्य शिबिरं फक्त मुस्लिमांसाठी असतात का? आणि एका दिवसाच्या तपासणीने साधतं काय?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. मुस्लिम डॉक्टर आणि स्वयंसेवक वस्त्यांमध्ये मोफत शिबिरं घेतात ती फक्त मुस्लिमांसाठी असतात का, एका दिवसाच्या तपासणीने काय साधतं, आणि मुस्लिम नसलेल्या माणसाला त्यात मदत करता येते का. पहिल्याचं उत्तर नाही, तिसऱ्याचं हो. दुसऱ्यासाठी जरा सविस्तर लिहावं लागेल.

मी भिवंडीची. आमचं घर कोकणी मुसलमानांचं, माझी शाळा मराठी माध्यमाची. स्वतःचा दवाखाना आहे आणि इथल्या डॉक्टरांच्या एका गटाबरोबर बरीच वर्षं वस्त्यांमध्ये जाते. गटात एमबीबीएस आहेत, युनानी वैद्यकाची पदवी घेतलेले बीयूएमएस आहेत, फार्मसी-नर्सिंग शिकणारी पोरंपोरी आहेत, आणि ज्यांच्याशिवाय आमचं पान हलत नाही अशा मोहल्ल्यातल्या बाजी, म्हणजे घरोघरी ओळख असलेल्या ताया, आहेत.

आमच्या केसपेपरवर नाव, वय, पत्ता, मोबाइल आणि तक्रार एवढेच रकाने आहेत. धर्माचा नाही. भिवंडी यंत्रमागाचं गाव. लूमवर उत्तर प्रदेश-बिहारचा मुस्लिम विणकर अन्सारी असतो तसा तेलंगणातून आलेला हिंदू विणकर पद्मशालीही असतो, आणि दोघांची छाती एकाच धुळीने भरते. शिबीर मशिदीशेजारच्या हॉलमध्ये असलं की काही जण दाराशी घुटमळतात, "आम्ही आत आलो तर चालेल का?" म्हणून विचारतात. म्हणून आमचा एक माणूस बाहेर रस्त्यावरच उभा असतो, बोलावून आत आणायला. 2020 च्या जुलैत, करोनाने गाव हैराण झालं होतं तेव्हा, शांतीनगरच्या मक्का मशिदीत ऑक्सिजनची सोय असलेलं मोफत केंद्र सुरू झालं. तेही सगळ्यांसाठी खुलं होतं.

एक बाब मात्र स्पष्ट सांगायला हवी, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ बहुधा तिथेच आहे. पैसा. जकातीचा, म्हणजे ऐपतदार मुसलमानाने दरवर्षी द्यायच्या सक्तीच्या दानाचा, पैसा गरीब मुसलमानांवरच खर्च करावा, असं बहुतेक उलेमांचं (धर्मपंडितांचं) मत आहे. सदका, म्हणजे ऐच्छिक दान, आणि साधी देणगी यांना ती अट नाही, ती कोणाच्याही उपयोगी आणता येते. म्हणून नीट काम करणारे गट दोन हिशेब वेगळे ठेवतात. शिबिराचा खर्च, तपासण्यांच्या पट्ट्या, औषधं हे सगळं सदक्यातून आणि देणग्यांतून. जकात येते ती एखाद्या गरजू मुस्लिम रुग्णाच्या ऑपरेशनला किंवा महिन्याच्या औषधांना. बाहेरून बघणाऱ्याला हा दुजाभाव वाटू शकतो. पण देणाऱ्याने ज्या नियमाने पैसा दिला तो पाळणं ही अमानत, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव, आहे, आणि सगळ्यांसाठीचा हिशेब भक्कम ठेवणं ही आमची जबाबदारी.

आता एका दिवसाचं. खरं सांगायचं तर नुसत्या शिबिराने फार काही होत नाही. बीपी मोजलं, बोट टोचून शुगर बघितली, लाल-पिवळ्या गोळ्या आणि टॉनिकची बाटली हातात दिली, बॅनरखाली फोटो काढला, असली शिबिरं मी बघितली आहेत आणि मला ती अजिबात पसंत नाहीत. शुगर 280 निघालेला माणूस पाच दिवसांच्या गोळ्या घेऊन घरी जातो आणि त्याला वाटतं, इलाज झाला. शिबिराची किंमत त्यानंतर रजिस्टरचं काय होतं यावर ठरते. ज्याची शुगर जास्त, ज्याचा खोकला दोन आठवड्यांहून जुना, ज्या बाईचं हिमोग्लोबिन 7 च्या खाली, त्यांची वेगळी यादी त्याच संध्याकाळी निघाली पाहिजे आणि प्रत्येक नावासमोर कोण पाठपुरावा करणार त्याचं नाव पडलं पाहिजे.

टीबीचंच बघा. इथे एका खोलीत दिवसपाळीची आणि रातपाळीची माणसं आलटून पालटून झोपतात, जेवण बिशीत, म्हणजे कामगारांच्या खाणावळीत. अशा खोलीत एकाला टीबी झाला तर बाकीच्यांना धोका ठरलेलाच. शिबिरात आम्ही बेडका तपासणीसाठी डबी देतो, पण नुसती देऊन भागत नाही. सकाळी उठल्यावर चूळ भरायची, उघड्यावर किंवा खिडकीशी उभं राहायचं, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खोकून बेडका काढायचा, हे करून दाखवावं लागतं. नाहीतर डबीत नुसती लाळ येते, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि माणूस महिनाभर आणखी खोकत राहतो. निदान झालं की औषधं सरकारी केंद्रातून फुकट मिळतात, साधा टीबी असेल तर 6 महिन्यांचा कोर्स. गाडी अडते ती दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. खोकला थांबलेला असतो, वजन वाढायला लागलेलं असतं आणि ईद किंवा घरचं लग्न आलं की माणूस गोरखपूरची गाडी धरतो. अशा वेळी आमचा स्वयंसेवक त्याचा निक्षय क्रमांक, म्हणजे सरकारी टीबी नोंदणीचा क्रमांक, कागदावर लिहून त्याच्या पाकिटात ठेवतो आणि मोबाइलमध्ये फोटोही काढून देतो. त्या क्रमांकावर गावाकडच्या केंद्रातही उपचार पुढे चालू राहतात, हे कित्येकांना माहीतच नसतं. निक्षय पोषण योजनेतून महिन्याला मिळणारे 500 रुपये नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. पण बँक खातं गावचं, आधार जोडलेलं नाही, म्हणून पैसे लटकतात. ते खातं सुरळीत करून देणारा बारावी पास मुलगा माझ्या लेखी डॉक्टरइतकंच मोठं काम करतो.

मुस्लिम गटाचा वेगळा उपयोग कुठे होतो, हे मला विचाराल तर मी सगळ्यात आधी रमजानचं नाव घेईन. डायबेटीसचे रुग्ण रोजे ठेवतात. डॉक्टरने "ठेवू नका" म्हटलं तरी ठेवतात, फक्त मग डॉक्टरला सांगत नाहीत. आणि न सांगता ठेवलेला रोजा सर्वांत धोक्याचा, कारण गोळ्या रोजच्याच चालू असतात आणि पोट सहरीपासून (पहाटेच्या जेवणापासून) मगरिबपर्यंत (सूर्यास्तापर्यंत) रिकामं. मे-जूनमध्ये रमजान येत होता तेव्हा तो काळ 14 तासांहून मोठा व्हायचा. म्हणून आम्ही शाबान महिन्यातच, रमजानच्या आधी, शुगरच्या रुग्णांना बोलावतो आणि एकेकाशी बसून बोलतो. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी शुगर एकदम खाली जाऊ शकते, मेटफॉर्मिनने तो धोका बराच कमी. सकाळचा मोठा डोस बहुतेकदा इफ्तारला (संध्याकाळी रोजा सोडताना) हलवावा लागतो, सहरीचा कमी करावा लागतो, इन्सुलिन असेल तर आणखी काळजी. हे ज्याने-त्याने डॉक्टरला विचारूनच करायचं, शेजारणीचं ऐकून नाही. किडनी खराब असलेले, वारंवार शुगर खाली जाणारे, इन्सुलिनवरचे टाइप वनचे रुग्ण आणि इन्सुलिन घेणाऱ्या गरोदर बाया यांना आम्ही रोजा ठेवू नका असंच सांगतो.

इथे इमामसाहेब शेजारी बसलेले असले की निम्मं काम होतं. बोट टोचून शुगर बघितल्याने रोजा तुटत नाही, हे मी शंभरदा सांगितलं तरी म्हाताऱ्या नानींचा विश्वास बसत नाही. इमामसाहेबांनी एकदा सांगितलं की त्या स्वतःहून बोट पुढे करतात. शुगर 70 च्या खाली गेली किंवा 300 च्या वर गेली तर त्याच क्षणी रोजा सोडायचा, मगरिबला दहा मिनिटंच उरली असली तरी, हेही आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकवतो. आजारी माणसाला सवलत कुराणातल्या सूरह बकरामध्येच दिलेली आहे. नंतर कजा करता येतो, म्हणजे सुटलेला रोजा भरून काढता येतो, बरं होण्यासारखा आजार नसेल तर फिदया, म्हणजे त्याऐवजी गरिबाला जेवण देणं, आहे. सवलत घेणं म्हणजे ईमान कमी पडलं असं नव्हे, हे जुम्म्याच्या (शुक्रवारच्या) बयानात, म्हणजे प्रवचनात, एकदा आलं की माझ्या दवाखान्यातली लपवाछपवी पुष्कळ कमी होते. बिगरमुस्लिम सहकारी डॉक्टरांनाही मी आवर्जून विनंती करते की मुस्लिम रुग्णाला रमजानच्या महिनाभर आधी तुम्हीच विचारा, "रोजे ठेवणार आहात का?" आणि विचारताना आवाजात राग नको.

दुसरी जागा लसीकरणाची. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये राज्यात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली तेव्हा व्हॉट्सअॅपवर अफवा फिरत होत्या की या सुईने मुलं पुढे नपुंसक होतात. उर्दू शाळांमधून पालकांनी मुलं घरी ठेवली. चार वर्षांनी, 2022 च्या हिवाळ्यात, गोवंडी, भिवंडी, मालेगाव इथे गोवर उसळला आणि लेकरं दगावली. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या 12 ते 18 जणांना आजार देऊ शकतो. नववा महिना सरल्यावर पहिला आणि सोळाव्या महिन्यानंतर दुसरा डोस, एवढंच करायचं असतं, आणि तेवढंच राहून गेलेलं असतं.

त्या वेळी घरोघरी फिरताना मला कळलं की "नको" म्हणणाऱ्या घरात धर्माचं कारण फार कमी वेळा असतं. एका खोलीत आई गप्प होती आणि सासू बोलत होती. बऱ्याच वेळाने बाहेर आलं ते असं, की मोठ्या पोराला मागच्या सुईनंतर दोन दिवस ताप आला, आई रात्रभर जागी, बापाची पाळी बुडाली, आणि सुई देऊन गेलेलं कोणी परत फिरकलं नाही. आमच्या बाजीने आपला नंबर लिहून दिला, पॅरासिटामॉल किती आणि कधी द्यायचं ते समजावलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः जाऊन आली. पुढच्या गल्लीतल्या दोन घरांना मग त्या सासूनेच तयार केलं. लसीतलं जिलेटिन (हा पदार्थ बहुधा डुकरापासून काढतात) हराम की हलाल, असा प्रश्न विचारणारेही भेटतात, त्यांना उडवून लावून चालत नाही. 1995 मध्ये कुवेतमध्ये फिकहचे, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचे, जाणकार आणि वैद्यकतज्ज्ञ यावर एकत्र बसले होते आणि प्रक्रियेत मूळ पदार्थ पूर्ण बदलतो म्हणून असं जिलेटिन वापरायला हरकत नाही असा निष्कर्ष निघाला, हे मौलानासाहेब सांगतात तेव्हा माणूस समाधानाने मान हलवतो. पोलिओच्या वेळी उत्तर प्रदेशात हेच घडलं. अलीगढ आणि जामिया मिल्लियासारख्या विद्यापीठांतली माणसं, स्थानिक इमाम, मदरशांचे शिक्षक गल्लीत उतरले. 2009 मध्ये देशात पोलिओचे 741 रुग्ण होते, शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्यात सापडला. श्रेय सरकारी यंत्रणेचं आणि लाखो कार्यकर्त्यांचं आहेच, पण बंद दारं उघडली ती ओळखीच्या आवाजाने.

बायकांच्या तपासणीबद्दल थोडक्यात. पडदा लावलेली वेगळी खोली आणि बाई डॉक्टर असेल तरच पांढरं जाणं, स्तनातली गाठ, अंगावरून जास्त जाणं या तक्रारी बाहेर येतात. नाहीतर प्रत्येकीचं "कमर में दर्द" एवढंच असतं. हे हिंदू बायांच्या बाबतीतही तितकंच खरं आहे.

आता तुमच्या मदतीबद्दल. डॉक्टर असायची गरज नाही. आम्हाला तेलुगू बोलणारी माणसं हवी असतात, कारण पद्मशाली आजींशी माझं हिंदी चालत नाही. रजिस्टरमधली यादी संगणकावर चढवून दर आठवड्याला फोन लावणारे हवेत. मोठ्या दवाखान्यात रुग्णाबरोबर जाऊन केसपेपर काढण्यापासून तपासणीच्या खिडकीपर्यंत सोबत करणारे तर सगळ्यात आधी हवेत, कारण निम्मे रुग्ण तिथल्या रांगेतूनच परत फिरतात. तुमच्या गावात असा गट असेल तर जुम्म्याच्या नमाजेनंतर मशिदीच्या दाराशी चौकशी करा, कोणीतरी डॉक्टरचा नंबर देईलच. भेटल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा, की मागच्या शिबिरातल्या रुग्णांची यादी कुठे आहे आणि त्यातले किती जण आज उपचार घेत आहेत. उत्तर देताना ज्यांनी रजिस्टर काढून पुढे ठेवलं, त्यांच्याबरोबर बिनधास्त कामाला लागा.