फोर्क बदलण्याआधी टायरमधली हवा बघा

प्रश्न: माझी २९ इंची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) आहे, पुढे १०० एमएम दबणारा स्प्रिंगवाला फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा काटा. यवतेश्वरकडून दगडी वाटेनं उतरताना मनगटं अक्षरशः बधिर होतात. दुकानदार म्हणतो एअर फोर्क (स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा) टाका, पण त्याला जवळजवळ निम्म्या सायकलचे पैसे पडतायत. वजन ७२ किलो. घेऊ का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: इतक्यात नको. आधी सांगा टायरमधे हवा किती भरता? कारण आपल्याकडे पंपावर किंवा पंक्चरवाल्याकडे सायकल नेली की तो ५०-६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) मारून मोकळा होतो आणि टायर दगडासारखा कडक झाला की पुढे कितीही भारी फोर्क लावा, बारीक खडीचा सगळा थरथराट थेट हातात येतो. तुमच्या वजनाला २.२ इंची टायरमधे ट्यूब असेल तर पुढे २८ आणि मागे ३० च्या आसपास भरून बघा, मग दर राइडला २-२ ने कमी करा. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडलेलं पंक्चर झालं तर समजा जास्तच कमी केली, परत २ वाढवा. गेजवाला फ्लोअर पंप घरी पाहिजेच, माझ्या मते सायकलनंतरची पहिली खरेदी तीच.

आता फोर्क. लॉकआउट (फोर्क दबू न देणारी कळ) चुकून चालू तर नाही ना, हे बघा, हसू नका, बरेच जण महिनोन्महिने लॉक करून फिरतात. मग वरच्या चकचकीत नळीला एक झिप टाय बांधा, सीलला टेकवा, सायकलवर अलगद बसा आणि अलगद उतरा. झिप टाय २०-२५ एमएम वर सरकला तर सॅग, म्हणजे नुसत्या तुमच्या वजनानं फोर्क दबतो ते, ठीक आहे. नंतर नेहमीचा उतार उतरून या. जिथे सगळ्यात जोरात आदळता तिथेही तो ६० एमएमच्या पुढे जात नसेल तर एकतर स्प्रिंग तुम्हाला कडक आहे, नाहीतर आत ग्रीस सुकून फोर्क अडकतोय. वरचा प्रीलोडचा (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारा) नॉब फिरवून स्प्रिंग मऊ होत नाही, फक्त सॅग बदलतो. बहुतेक साध्या फोर्कमधे खालचे दोन बोल्ट सोडले की खालचे पाय निघतात. आतला काळा चिखल पुसायचा आणि सस्पेन्शनचंच पातळ ग्रीस लावायचं, गाडीचं घट्ट ग्रीस नको. एवढं केल्यावर फोर्क इतका बदलतो की मला दरवेळी नवल वाटतं.

आणि तरीही एअर फोर्क घ्यायचाच असेल तर फ्रेम मोजल्याशिवाय पैसे देऊ नका! बरेच चांगले एअर फोर्क टेपर्ड स्टीअररचे येतात, म्हणजे फ्रेममधे शिरणारी फोर्कची नळी वर सव्वा इंचाहून थोडी कमी आणि खाली दीड इंच, आणि ती जिच्यात शिरते ती फ्रेमची हेड ट्यूब आतून ३४ एमएमची सरळ असेल तर तो बसणारच नाही. ४४ एमएमची असेल तर खाली बाहेरचा कप लावून बसतो. दुसरं म्हणजे चाक. तुमचं क्विक रिलीजचं (बारीक दांडी, कळ फिरवून सुटणारं) असेल आणि फोर्क १५ बाय ११० चा, म्हणजे १५ एमएम जाड थ्रू ॲक्सल (हबमधून आरपार जाणारी दांडी) आणि ११० एमएम रुंद हबचा, तर नवीन हब (चाकाचा मधला भाग) किंवा अख्खं चाकच घ्यावं लागतं, आणि हा खर्च दुकानात कुणी आधी सांगत नाही. १०० एमएमच्या फोर्कसाठी बनलेल्या फ्रेमला १४० एमएमचा फोर्क तर अजिबात नको, हँडलिंग सुस्त होतं आणि हेड ट्यूबच्या वेल्डवर ताण येतो. फोर्कमधे हवा भरायचा शॉक पंपही वेगळा घ्यावा लागेल. फ्रेम टेपर्ड आणि थ्रू ॲक्सल असेल तर खुशाल घ्या, नसेल तर त्या पैशात चांगले टायर घ्या आणि उरलेले पुढच्या सायकलसाठी ठेवा.

प्रश्न: पावसात जांभ्याची लाल माती सगळीकडे जाते, चेन करकरते. सर्व्हिस सेंटरवर प्रेशरनी धुतो तरी दोन दिवसात तेच. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर: प्रेशर आधी बंद करा. ते पाणी सीलच्या आत घुसून हब, बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्यांमधलं बेअरिंग) आणि हेडसेटमधलं (हँडलखालचं बेअरिंग) ग्रीस धुऊन टाकतं. बादली, मग, स्पंज आणि भांड्याचा साबण पुरेसा आहे. चेन जुन्या टूथब्रशनी घासा, कोरडी करा, मग वेट लूब (पावसात टिकणारं चेनचं तेल) एकेका रोलरवर एकेक थेंब आणि पाच मिनिटांनी बाहेरचं सगळं पुसून टाका, कारण बाहेर राहिलेल्या तेलालाच ती माती चिकटते.

चेन झिजलीय का हे साध्या फूटपट्टीनं कळतं. एका पिनेच्या मधोमध शून्य ठेवा, तिच्यापुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचावर यायला हवी. १/१६ इंच पुढे गेली की चेन बदला, १/८ पर्यंत गेली तर बहुतेक कॅसेटही (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) गेलीच समजा, आणि कॅसेट चेनपेक्षा बरीच महाग पडते.

प्रश्न: चेनला स्प्रे मारल्यापासून मागचा डिस्क ब्रेक किंचाळतो आणि नीट लागतही नाही. (एक वाचक, ठाणे)

उत्तर: तेल रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, उडालंय. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं स्वच्छ कापडानं पुसा, पॅडवर (रोटरला दाबून धरणाऱ्या पट्ट्या) पॉलिश पेपर फिरवून बघा, तेल आत मुरलं असेल तर पॅड बदलायचे, दुसरा इलाज नाही. ब्रेक नीट लागेपर्यंत घाट उतरू नका. चाक काढलेलं असताना ब्रेकचा लिव्हर दाबू नका, पॅड ढकलणारे पिस्टन बाहेर येतात. आणि ब्रेक हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) असेल तर त्यात मिनरल ऑइल लागतं की डॉट फ्लुइड हे लिव्हरवर वाचूनच भरा, अदलाबदल झाली तर सील फुगतात.