जुन्या नोकिया एन७३ वर गेमबॉय आणि टीव्ही गेमचे खेळ खरंच खेळता येतात का?

तुम्ही विचारलंय की कपाटात सापडलेल्या एन७३ वर एम्युलेटर (जुन्या गेम यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) टाकला, तर जुने गेम खेळता येतील की नुसते सुरू होऊन रखडतील. गेमबॉय या हातात धरून खेळायच्या जुन्या यंत्राचे गेम मजेत खेळता येतील. त्याच्या पुढच्या पिढीच्या गेमबॉय ॲडव्हान्सचे काही चालतील, काही रडतील. आणि लहानपणी ज्याच्या पिवळ्या कॅसेटी लावायचो त्या टीव्ही गेमचे, म्हणजे एनईएसचे गेम चालतील झकास, पण खेळताना जीव मेटाकुटीला येईल. हे उलटं वाटतं, कारण एनईएस तर १९८३ सालचं जुनं यंत्र. फोनला ते जड जायचं कारणच नाही.

प्रोसेसरचं आधी बघू. एम्युलेटर हा मूळ यंत्राची एकेक सूचना वाचतो आणि तिचं काम फोनच्या भाषेत करून दाखवतो. मूळच्या एका सूचनेसाठी फोनला डझनावारी सूचना खर्चाव्या लागतात. एनईएसचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा आणि एन७३ चा २२० मेगाहर्ट्झचा, म्हणजे हाताशी भरपूर वेळ. पण गेमबॉय ॲडव्हान्स १६.७८ मेगाहर्ट्झवर चालतो. त्याच्या एका ठोक्यामागे फोनला जेमतेम तेरा ठोके मिळतात आणि तेवढ्यात चित्र नि आवाजही उरकायचा असतो. म्हणून आपण सगळे आधी आवाज बंद करायचो आणि मग फ्रेमस्किप, म्हणजे मधली काही चित्रं गाळणं, वाढवायचो. नोकिया ६६०० आणि एन-गेज या आणखी जुन्या फोनवर तर १०४ मेगाहर्ट्झच होते. तिथे ॲडव्हान्सचे गेम म्हणजे स्लाइड शो.

पण माझ्या मते खेळ बिघडवला तो प्रोसेसरनं नाही, बटणांनी. नोकियाच्या एस६० फोनमध्ये, म्हणजे सिम्बियन सिस्टमवर चालणाऱ्या एन७३सारख्या फोनमध्ये, एक बटण दाबलेलं असताना दुसरं दाबलं, तर सिस्टम ते दुसरं मोजतच नसे. फोन नंबर लावताना चुकून दोन बटणं दाबली जाऊ नयेत म्हणून हे बरोबरच होतं. पण मारिओला पळत उडी मारायची असेल तर एक बटण दाबून धरून दुसरं दाबावं लागतं. कॉन्ट्रात पळा, उडी मारा, गोळ्या झाडा, सगळं एकदम. ही अट प्रोग्राम लिहिणाऱ्याला उठवता येत असे, पण ती उठवली तरी वाटाण्याएवढ्या जॉयस्टिकवर आणि त्या चपट्या बटणांवर बोटं किती नाचवणार?

वर स्क्रीनचा घोळ. एन७३ ची स्क्रीन २४० बाय ३२० पिक्सेल, एनईएसचं चित्र २५६ बाय २४०. उभ्या फोनवर ते रुंदीला मावत नाही, म्हणजे कडा कापा किंवा चित्र आक्रसा. आडवा धरला तर मावतं, पण मग जॉयस्टिक आणि सगळी बटणं एकाच हाताखाली येतात आणि दुसरा हात नुसता फोन धरून बसतो! उलट गेमबॉयचं १६० बाय १४४ चं चित्र उभ्या फोनवर आरामात बसतं. ॲडव्हान्सचं २४० बाय १६० चं चित्र तर रुंदीला अगदी मोजून घेतल्यासारखं.

म्हणून पोकेमॉन. त्यात एका वेळी एकच बटण लागतं, घाई कसलीच नाही आणि एम्युलेटरमध्ये हवं तिथे सेव्ह करता येतं. रेड, ब्लू, गोल्ड, सिल्व्हर यांपैकी काहीही घ्या. टेट्रिसही उत्तम.

एम्युलेटर शोधताना गेमबॉय ॲडव्हान्ससाठी व्हीबॅग हे नाव बघा. सिम्बियनचं काहीच जमलं नाही, तर मीबॉय हा जावातला गेमबॉय एम्युलेटर आहे. त्यात रॉम फाइल (कॅसेटमधल्या गेमची प्रत) कॉम्प्युटरवरच आत बांधून एकच जार फाइल तयार करतात, म्हणून तो साध्या जावा फोनवरही चालायचा. एन७३ हा एस६० तिसऱ्या आवृत्तीचा फोन आहे, त्यामुळे ६६०० साठीची सिस फाइल (सिम्बियनवर प्रोग्राम इन्स्टॉल करायची फाइल) त्यावर बसणार नाही. योग्य फाइल असूनही सर्टिफिकेटची मुदत संपल्याचं सांगून फोन अडला, तर तारीख काही वर्षं मागे न्या, इन्स्टॉल करा आणि तारीख पुन्हा जागेवर आणा. हा जुगाड तेव्हा सगळ्यांना पाठ होता. रॉम ब्लूटूथनं पाठवत बसू नका, कार्ड रीडरनं थेट कार्डावर टाका. फोनला मिनीएसडी लागतं. अडॅप्टरमध्ये घातलेलं २ जीबीपर्यंतचं मायक्रोएसडी चालतं.

रॉमवर मूळ कंपन्यांचा कॉपीराइट असतो, तेव्हा कुठून उतरवता ते तुमचं तुम्ही बघा. हौशी लोकांनी गेमबॉयसाठी नव्यानं लिहून फुकट वाटलेले गेमही बरेच आहेत.

आणि चार्जिंगला लावण्याआधी मागचं झाकण उघडून बॅटरी फुगलेली नाही ना, ते बघा. फुगली असेल तर लावू नका. तिचा नंबर बीपी-६एम आहे, त्या नंबरची दुसरी घ्या.