चार कोटी अंकांची मूळ संख्या तपासतात कशी?

प्रश्न : २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ४ कोटी १० लाख अंकांची मूळ संख्या सापडल्याचे वाचले. एवढ्या संख्येला भाग देऊन पाहिले तरी कसे? – एक वाचक, सातारा

उत्तर : भाग देऊन पाहतच नाहीत. ही संख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. अशा मर्सेन संख्यांसाठी ल्यूका-लेमर ही खास कसोटी आहे. घातांक स्वतः विषम मूळ संख्या हवा. पण तेवढ्याने भागत नाही. ११ मूळ आहे, तरी २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७ = २३ × ८९.

कृती अशी : ४ घ्या. वर्ग करून २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा. त्या बाकीवर पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा केल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. घातांक ७, संख्या १२७ घेऊन कागदावर करा, पाचच फेऱ्या आहेत : ४, १४, ६७, ४२, १११, ०.

यातला भागाकारही टळतो, आणि खरी गंमत तीच. ६७ चा वर्ग वजा २ म्हणजे ४४८७. त्यात १२८ (म्हणजे १२७ + १) पस्तीस वेळा जातात, ७ उरतात; प्रत्येक १२८ मागे १ बाकी, म्हणून ३५ + ७ = ४२, हीच १२७ ने भागल्यावरची बाकी. संगणकाच्या द्विमान (० आणि १ च्या) पद्धतीत १२८ ने भागणे म्हणजे नुसते सात अंक तोडणे. शेवटच्या फेरीत मात्र बेरीज १२७ येते. ती शून्य धरायची. नवखे इथेच फसतात.

मोठ्या संख्येत अशा १३ कोटींहून जास्त फेऱ्या होतात. मधे कुठे एक बिट (द्विमान अंक) चुकला की पुढचे सगळे वाया, आणि शेवटची बाकी पाहून चूक कळतही नाही. म्हणून आधी फर्माच्या प्रमेयावरची कसोटी लावली; तिच्यात वाटेतच चूक पकडता येते. पण ती ‘बहुधा मूळ’ एवढेच सांगते, म्हणून खात्रीसाठी ल्यूका-लेमर नंतर, वेगळ्या यंत्रावर.

प्रश्न : घातांकाला ०.३०१०३ ने (२ च्या लॉगॅरिदमने) गुणून अंक मोजले, तर छापलेल्या ४,१०,२४,३२० या आकड्यापेक्षा एक जास्त येतो. – एक शिक्षिका, मडगाव

उत्तर : रीत बरोबर, दशांश कमी पडले. तुमचा गुणाकार ४,१०,२४,३२०.५ येतो. ०.३०१०२९९९५६६४ घेतले तर ४,१०,२४,३१९.९४५ येतो, पूर्णांकात १ मिळवा, ४,१०,२४,३२० अंक. उरलेल्या ०.९४५ वरून सुरुवातही कळते (१० चा ०.९४५ वा घात सुमारे ८.८१) : ८८१... शेवटचा अंक तोंडी निघतो. २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरतात; घातांकाला ४ ने भागून बाकी १, म्हणजे घाताच्या शेवटी २. वजा १ केल्यावर १.

प्रश्न : बँकेच्या सुरक्षेला ही संख्या वापरतील का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. तिथे गुप्त मूळ संख्या लागतात, त्याही साधारण ३०९ अंकी. ही तर जगजाहीर आहे.