आजोबा गेल्यानंतर पाच वर्षांच्या मुलासमोर त्यांच्याविषयी बोलावे का?

आपण लिहिले आहे की चार महिन्यांपूर्वी आपले वडील गेले. आपला पाच वर्षांचा मुलगा त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढला, आणि घरातील वडीलधारी माणसे मात्र त्याच्यासमोर आजोबांचे नावही काढू नका, मूल आपोआप विसरेल, असे सांगत आहेत. नेमक्या त्या विसरण्याचीच आपल्याला भीती वाटते. माझे वडील सहा वर्षांपूर्वी गेले तेव्हा माझी मुलगी साडेचार वर्षांची होती, त्यामुळे आपली भीती मला फार जवळून ठाऊक आहे. माझे उत्तर असे की त्यांच्याविषयी जरूर बोलावे. परंतु आपण काही सांगायला लागण्यापूर्वी मुलाला स्वतःला काय आठवते ते विचारावे आणि ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे. हा क्रम माझ्याकडून चुकला, म्हणून तो मी आधी सांगते आहे.

यात थोडी घाई करणे आवश्यक आहे. मोठ्या माणसांना आपल्या आयुष्याच्या पहिल्या तीन-साडेतीन वर्षांतील जवळजवळ काहीच आठवत नाही, हे आपण जाणतोच. परंतु या आठवणी मोठेपणी नव्हे, तर बालपणातच गळून पडतात. पॅट्रिशिया बाउअर आणि मरीना लार्किना या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांचे आईशी झालेले बोलणे आधी नोंदवून ठेवले होते आणि काही वर्षांनी त्याच प्रसंगांविषयी मुलांना पुन्हा विचारले. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यांतील ६० टक्क्यांहून अधिक प्रसंग आठवत होते, तर आठ-नऊ वर्षांच्या मुलांना ४० टक्क्यांहून कमी. आपल्या मुलाकडे आज जे आजोबा आहेत, ते आणखी तीन वर्षांनी त्याच्याकडे तसेच असतील, असे धरून चालता येत नाही.

दुसरे कारण मला अधिक बोचते. बाबा गेल्यावर मी मुलीला त्यांच्या गोष्टी सांगू लागले, अगदी रोज रात्री, कारण त्या सांगताना मलाच धीर येत असे. बाबा मला सायकल शिकवताना मागे धावत आणि केव्हा हात सोडत ते कळू देत नसत, ही गोष्ट तिच्या विशेष आवडीची होती. दोन वर्षांनी ती एका मैत्रिणीला सांगत होती की आजोबांनी तिला सायकल शिकवली आणि मागून हात सोडला. तिला सायकल शिकवली ती माझ्या भावाने, आजोबा गेल्यानंतर. ती खोटे बोलत नव्हती. माझी आठवण तिच्या मनात तिची म्हणून रुजली होती, आणि त्या जागी तिचे स्वतःचे असे काय होते, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

विसरण्याचा सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. शोक म्हणजे गेलेल्या माणसातून मन हळूहळू सोडवून घेणे, ही कल्पना फार प्रतिष्ठित होती. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१७ च्या निबंधात तीच मांडली होती. त्यांची मुलगी सोफी १९२० मध्ये गेली, आणि १९२९ मध्ये, तिचा छत्तिसावा वाढदिवस असता त्या सुमारास, एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनीच मान्य केले की अशा माणसाची जागा कशानेही भरून निघत नाही आणि ते तसेच असायला हवे. अलीकडचे अभ्यासकही गेलेल्या माणसाशी नाते टिकवून ठेवणे हा दोष मानत नाहीत. नाव काढल्यावर मूल रडेल, कदाचित आपणही रडाल. त्यात बिघडत काही नाही. मात्र ‘आजोबा झोपले आहेत’ असे सांगू नये, मुलांना मग झोपेचीच भीती बसू शकते. आजोबा मरण पावले, त्यांचे शरीर थांबले, ते परत येणार नाहीत, हे साध्या शब्दांत सांगावे.

आणखी एक विनंती करावीशी वाटते. त्यांना केवळ सद्गुणांचा पुतळा करू नये. माझे बाबा प्रेमळ होते हे खरे, पण प्रेमळ तर कितीतरी आजोबा असतात; रोज रात्री घड्याळाला किल्ली देऊन ते कानाशी धरणारे, कोणी उशीर केला तर दिवसभर अबोला धरणारे आणि मग अबोला मोडताना हटकून हवामानाविषयी बोलणारे बाबा एकच होते. त्यांचा तो राग मी सुरुवातीला मुलांपासून लपवला. माझ्या भाच्याने, जो तेव्हा नऊ वर्षांचा होता, मला विचारले की आत्या, आपण त्या आजोबांबद्दल का नाही बोलत जे रागवायचे, ते मला जास्त आठवतात.

आवाजाची काळजी मात्र आजच घ्यावी. त्यांचे ध्वनिसंदेश फोनमध्ये असतील तर त्यांच्या प्रती किमान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. फोन बदलताना माझ्याकडील एक सोडून सारे गेले. कागदी छायाचित्रांच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावे आणि वर्ष लिहावे, कारण शाई पुढच्या बाजूला उमटू शकते.

मुलीला मी अखेर विचारले तेव्हा वर्ष उलटून गेले होते. तिने सांगितलेली तीन वाक्ये मी तारीख घालून वहीत लिहिली. त्यांतील एक असे होते: ‘आजोबा जिना चढताना आकडे म्हणायचे आणि बारा म्हटले की थांबायचे, मग मी टाळ्या वाजवायचे.’ मला त्याचा काहीच उलगडा होईना, पण तिचे वाक्य मी दुरुस्त केले नाही. गेल्या महिन्यात ती वही आईच्या हाती लागली. ते वाक्य वाचून ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “त्यांचा गुडघा बाराव्या पायरीपुढे चालतच नसे गं. पोरीला कळू नये म्हणून तो खेळ काढला होता त्यांनी.”